पेपर काढणारा आणि तपासणारा एकच नको: रेल्वेसाठी स्वतंत्र संरक्षा नियामक मागायचा कसा

मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारातून माणसे पडली, त्या अपघातानंतर मी पहिले पत्र लिहिले ते 'सुरक्षा आयुक्त, रेल्वे' या नावाने. बऱ्याच दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले: हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. चूक माझीच होती. रेल्वेच्या भाषेत 'सुरक्षा' म्हणजे चोऱ्यामाऱ्या, बेवारस बॅगा, साखळी ओढणारे लोक. ते काम रेल्वे सुरक्षा बलाचे, आणि त्यांच्या अधिकाऱ्यालाच 'मंडल सुरक्षा आयुक्त' म्हणतात. रूळ, सिग्नल, पूल, डबे यांच्यापायी माणूस मरू नये म्हणून जे चालते त्याला रेल्वेत 'संरक्षा' म्हणतात. आपण वर्तमानपत्रात 'रेल्वे सुरक्षा आयुक्त' असे वाचतो तो अधिकारी सरकारी हिंदी कागदावर 'रेल संरक्षा आयुक्त' असतो. तेव्हा पत्र, अर्ज, निवेदन काहीही लिहा, शब्द 'संरक्षा' वापरा.

हा लेख ठाणे, कळवा, मुंब्रा, ऐरोली, नेरूळ या पट्ट्यातल्या प्रवासी संघटनांसाठी आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर रोज लोकलच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांसाठी आहे. रेल्वे हा केंद्राच्या सूचीतला विषय, म्हणजे नियामक येईल तो संसदेच्या कायद्याने. पण तो कायदा कसा हवा हे कोणीतरी नीट लिहून मागावे लागते. निवेदनात 'स्वतंत्र नियामक स्थापन करावा' एवढे एकच वाक्य असेल, तर 'स्वतंत्र आयोग आहेच की' असे उत्तर येते आणि आपण गप्प बसतो. म्हणून सुरुवात त्या उत्तरापासून करू.

आधी आहे ते समजून घ्या

आयोग खरेच आहे, आणि कागदावर तो रेल्वेबाहेरच आहे. रेल संरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतो. हे ऐकून लोक हसतात, पण त्यामागे इतिहास आहे. १९०५ मध्ये रेल्वे बोर्ड आले आणि रेल्वे तपासणारे इन्स्पेक्टर त्या बोर्डाच्याच हाताखाली गेले. गाडी चालवणाऱ्यानेच गाडी तपासायची हे बरे नव्हे, असे १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या वेळेपासून म्हटले जात होते. शेवटी १९४१ मध्ये इन्स्पेक्टरांना रेल्वेपासून काढून टपाल व हवाई खात्याकडे दिले. १९६१ मध्ये त्याचे नाव रेल संरक्षा आयोग झाले. मुख्यालय लखनऊला, मध्य आणि पश्चिम रेल्वेसाठीचे आयुक्त मुंबईत. म्हणजे वेगळेपणाचा मुद्दा इंग्रजांच्या काळातच मान्य झाला होता. आपले भांडण पुढच्या पायरीचे आहे.

आयोगाचे अधिकार रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये आहेत. कलम ५ ते १० एकदा वाचाच, दोन पानांचा मजकूर आहे. नवा मार्ग सुरू करण्याआधी तपासणी, अधूनमधून पाहणी आणि अपघाताची चौकशी, ही आयुक्तांची मुख्य कामे. यातले पहिले काम आपल्या भागाने डोळ्यांनी पाहिले आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, खारकोपर-उरण २०२४ च्या जानेवारीत. आयुक्तांनी तपासल्याशिवाय यांवरून प्रवासी नेता आला नसता. १७ नोव्हेंबर २०२३ ला धावलेल्या बेलापूर-पेंधर मेट्रोचेही तसेच. तिथे मेट्रो रेल संरक्षा आयुक्तांचे प्रमाणपत्र लागते.

म्हणजे नवीन मार्गाला आयुक्त 'थांबा' म्हणू शकतात. जुना मार्ग धोक्याचा झाला तर? कलम २५ बघा. आयुक्तांच्या अहवालावरून मार्ग किंवा डबे बंद करण्याचा आदेश द्यायचा तो केंद्र सरकारने, म्हणजे व्यवहारात रेल्वे मंत्रालयाने. चौकशीनंतरच्या शिफारशींचेही तसेच: आयुक्त शिफारस करतात आणि ती स्वीकारायची की नाही हे रेल्वे ठरवते. त्यात आयुक्त येतात ते रेल्वेच्याच अभियांत्रिकी सेवांतून. हे अधिकारी कामचुकार असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. आयोगाचे जे अहवाल मी वाचले ते रोखठोक आहेत. पण ज्यांच्यासोबत नोकरी केली त्यांच्याच कामाला गुण द्यायचे, आणि ते गुण मानायचे की नाही हेही त्यांनीच ठरवायचे, ही रचना कोणत्याही शाळेत चालली नसती.

अजून एक भोक आहे, आणि मुंबईकर-ठाणेकरांना तेच सगळ्यात जास्त छळते. कलम ११४ नुसार आयुक्तांनी चौकशी करायची ती 'गाडीला झालेल्या' अपघाताची: टक्कर, घसरणे, ज्यात माणूस दगावला किंवा कायमचा जायबंदी झाला. अंधेरीचा गोखले पूल जुलै २०१८ मध्ये रुळांवर कोसळला, त्याची चौकशी आयुक्तांनी केली. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली, तिची चौकशी मात्र रेल्वेच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांनी केली. ९ जून २०२५ ला मुंब्रा-दिव्याच्या दरम्यान वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातली माणसे एकमेकांना घासून खाली पडली, तेव्हाही मध्य रेल्वेने आपलीच समिती नेमली. पुढे नोव्हेंबरात लोहमार्ग पोलिसांनी रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला आणि त्याविरुद्ध कर्मचारी रस्त्यावर उतरले. अभियंत्यांचे खरे की पोलिसांचे, हे मी ठरवणार नाही. रूळ कसा होता, वळणावर गाडी किती कलते, डबा किती भरला होता, हे दोघांहून वेगळ्या, तिसऱ्या जाणकाराने सांगायला हवे होते. तो तिसरा जाणकार आपल्याकडे नाही.

मागणीचा मसुदा करा

ही मागणी नवी नाही हे निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यात रेल्वे बोर्डापासून स्वतंत्र, कायद्याने स्थापन झालेले रेल्वे संरक्षा प्राधिकरण असावे अशी शिफारस आहे. रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५ हजार माणसे मरतात आणि त्यातली सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबई उपनगरी मार्गांवर, हे सांगून समितीने त्याला कत्तल म्हटले होते. मराठी माणसाचे नाव आहे म्हणून नव्हे, शिफारस नेमकी आहे म्हणून तिचा हवाला द्या. रेल्वे संरक्षेचा आढावा घेणाऱ्या न्यायमूर्ती खन्ना समितीनंतर २००१ मध्ये १७ हजार कोटींचा विशेष संरक्षा निधी आला, २०१७ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांसाठी एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष आला. पैशाच्या शिफारशी मानल्या जातात, अधिकाराच्या बाजूला पडतात. २०१७ मध्येच मंत्रिमंडळाने 'रेल विकास प्राधिकरण' मंजूर केले होते, त्याचा रोख भाडे आणि स्पर्धा यांकडे होता. कोणी ते दाखवून 'नियामक मंजूर झाला आहे' म्हणाले तर फसू नका.

आता मसुदा. आम्ही नौपाड्यात एका ओळखीच्यांच्या हॉलमध्ये चार रविवार बसून तो केला. पहिल्या रविवारी बावीस मागण्या होत्या, त्यात जिन्यावरचे फेरीवालेसुद्धा आले होते. शेवटी सहा उरल्या. आमच्याच घ्या असा आग्रह नाही, पण यातली एखादी गाळली तर काय निसटते तेवढे बघा.

१. तपास करणारा वेगळा, नियम पाळायला लावणारा वेगळा. नियामकाने एखाद्या पद्धतीला परवानगी दिली आणि तिनेच अपघात झाला, तर नियामकाचीही चौकशी व्हायला हवी. तो स्वतःची कशी करणार? ब्रिटनमध्ये लॅडब्रोक ग्रोव्हला १९९९ मध्ये ३१ जण मेले, त्यानंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशीतून रेल्वे अपघातांचा तपास करणारी स्वतंत्र शाखा निघाली. ती २००५ पासून काम करते. दोष कोणाचा हे ती ठरवत नाही, कारण काय हे शोधते आणि अहवाल छापते. संरक्षेचे नियमन दुसऱ्याच कार्यालयाकडे आहे. ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये राज्याराज्यांचे नियामक मोडीत काढून एक राष्ट्रीय नियामक सुरू केला, तरी तपास वेगळ्याच संस्थेकडे ठेवला.

२. थांबवण्याचा अधिकार थेट नियामकाला. त्या दोन्ही देशांत नियामक दोन प्रकारच्या नोटिसा काढतो. एक सुधारणेची, अमुक तारखेपर्यंत अमुक दुरुस्त करा. दुसरी मनाईची, आत्ता थांबवा. मंत्रालयाला विचारावे लागत नाही. आपल्या मसुद्यात कलम २५ चा अधिकार केंद्र सरकारकडून नियामकाकडे द्यावा, असे स्पष्ट लिहा. जोडीला अपिलाची सोयही मागा. नाहीतर 'एका अधिकाऱ्याच्या लहरीवर लोकल बंद पडतील' असा आक्षेप पहिल्याच बैठकीत येतो. दूरसंचारात नियामकाच्या वर अपील न्यायाधिकरण आहे, तो दाखला पुरेसा.

३. माणसे. यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद झाला. रेल्वेतून घेऊच नका, असे तरुण मंडळी म्हणत होती. गटातल्या एका निवृत्त मोटरमन काकांनी विचारले, "मग सिग्नल कळणार कोणाला? तुला?" तोडगा असा निघाला: रेल्वेतले अनुभवी लोक घ्यावेत, पण आल्यावर परतीचा रस्ता बंद. मुदत ठरलेली, त्यानंतर काही वर्षे रेल्वेत किंवा तिच्या कंत्राटदाराकडे नोकरी नाही, आणि निवड समितीत रेल्वे मंत्रालयाला बहुमत नाही. सोबत रेल्वेबाहेरचे अभियंते आणि मानवी चुकांचा अभ्यास असलेले लोक.

४. अहवाल ठरावीक मुदतीत जाहीर. २ जून २०२३ ला बालासोरजवळ जवळपास तीनशे माणसे गेली. आयुक्तांचा अहवाल सिग्नलच्या वायरिंगमधल्या चुकांकडे बोट दाखवणारा होता, हे देशाला कळले ते बाहेर फुटलेल्या बातम्यांतून. अहवालासोबत प्रत्येक शिफारशीपुढे 'स्वीकारली, नाकारली, कारण, तारीख' असा तक्ताही जाहीर झाला पाहिजे.

५. फक्त गाडीचे नव्हे, माणसाचे अपघातही नियामकाच्या कक्षेत. दारातून पडणे, फलाट आणि डबा यांतली फट, पुलावरची गर्दी, रूळ ओलांडणे. हा मुद्दा दिल्लीतल्या मसुद्यात आपोआप येणार नाही. तिथे रेल्वे म्हणजे राजधानी आणि वंदे भारत. तो आपणच घालायला हवा.

६. पैसा वेगळ्या खात्यातून. आयोग विमान मंत्रालयाखाली असल्याने हे आजही बऱ्यापैकी आहे, नवा कायदा करताना ते गमावू नका. पासधारकावर नवा अधिभार लावू नका, असे आम्ही मुद्दाम लिहिले.

एक जरा आडवळणाचा दाखला. काकोडकर ज्या अणुऊर्जा खात्यातून आले, तिथे नियामक मंडळ १९८३ पासून आहे, पण ते स्थापन झाले सरकारी आदेशाने; कायद्याचा दर्जा त्याला २०२५ पर्यंत नव्हता. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०१२ मध्ये त्याच्या स्वातंत्र्याविषयी नेमका हाच आक्षेप घेतला. म्हणून 'आदेश काढून लगेच करतो' असे कोणी गोड बोलले तरी 'कायद्याने' हा शब्द सोडू नका.

कागद जमवा

मसुद्याला आपल्या भागाचे आकडे जोडले की तो वजनदार होतो. इथे माहिती अधिकार कामाला येतो, आणि इथेच लोक चुकीच्या खिडकीवर उभे राहतात.

मध्य रेल्वे, रेल्वे बोर्ड, रेल संरक्षा आयोग हे सगळे केंद्राचे. त्यांच्यासाठी केंद्र सरकारचे ऑनलाइन पोर्टल. रुळांवर किती मृत्यू झाले, किती पडून, किती ओलांडताना, याची नोंद मात्र लोहमार्ग पोलिसांकडे असते, आणि ते महाराष्ट्र सरकारचे. त्यांच्यासाठी राज्याचे पोर्टल. शुल्क दोन्हीकडे १० रुपये. पण राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा. केंद्राकडे मर्यादा ५०० शब्दांची आहे. ठाणे, मुंब्रा, दिवा अशा स्थानकांचे पाच वर्षांचे आकडे मागताना एका अर्जात एकच गोष्ट मागा.

केंद्राकडे दोन अर्ज वेगवेगळे करा. आयोगाकडे: मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाबाबत गेल्या दहा वर्षांत केलेल्या चौकशांच्या अहवालांच्या प्रती. रेल्वेकडे: त्या अहवालांतल्या प्रत्येक शिफारशीवर काय कारवाई झाली. शिफारस करणारा एका मंत्रालयात आणि ती मानणारा दुसऱ्या, त्यामुळे एकालाच विचारले तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की तुमचा निम्मा युक्तिवाद तयार.

'का' विचारू नका. 'वळणावर रूळ का खराब आहे' याला उत्तर मिळत नाही; 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या तपासणी नोंदवहीची प्रत' मिळू शकते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा 'तपास चालू आहे' म्हणून नाकारले, तर ३० दिवसांत पहिले अपील करा. माहिती दिल्याने तपासात अडथळा नेमका कसा येईल हे त्यांनी सांगायचे असते. नुसते माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ज) लिहून भागत नाही. पुढचे अपील ९० दिवसांत, रेल्वेच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाकडे आणि पोलिसांच्या बाबतीत राज्य आयोगाकडे. तिथे वेळ लागतो. लागू द्या, तोवर पुढचे काम थांबत नाही.

कोणाच्या दारात जायचे

खासदाराच्या. आणि कोणत्या, हे आधी बघा. कळवा-मुंब्रा कल्याण लोकसभा मतदारसंघात येते, ठाण्यात नाही. ऐरोली आणि बेलापूर ठाण्यात येतात. पनवेल, उरण मावळात. मुंब्र्याचा प्रश्न घेऊन ठाण्याच्या खासदारांकडे गेलेले शिष्टमंडळ मी पाहिले आहे, चहा मिळाला. तीन मतदारसंघांतल्या संघटनांनी एकच मसुदा तिघांना दिला तर त्याचा परिणाम वेगळा होतो.

खासदारांकडे तीन गोष्टी मागा. पहिली, प्रश्न. आयोगातली रिक्त पदे, अहवाल जाहीर करण्याचे धोरण हे विमान वाहतूक मंत्र्यांना, शिफारशींवरची कारवाई रेल्वेमंत्र्यांना. प्रश्न तुम्हीच टाइप करून द्या, त्यांच्या कार्यालयाला ते आवडते. दुसरी, विनंती अर्ज. सार्वजनिक हिताच्या विषयावर नागरिक लोकसभेला अर्ज करू शकतात; खासदाराने प्रतिस्वाक्षरी करून तो सभागृहात मांडला की याचिका समितीकडे जातो. तिसरी, खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेले. इथे भाबडेपणा नको. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकेच कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. तरीही विधेयक मांडले की मसुदा संसदेच्या कागदांत कायमचा नोंदला जातो, आणि उद्या सरकारने स्वतःचे आणले तर तुलनेला तो हाताशी असतो.

रेल्वेविषयक संसदीय स्थायी समितीलाही प्रत पाठवा. विभागीय प्रवासी सल्लागार समितीत कोणी ओळखीचे असेल तर बरे, पण तिथे पंखे आणि पाणपोई यांपलीकडे विषय क्वचित जातो.

तोवर हातात आहे ते वापरा

कलम ११४ ला एक परंतुक, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेली तरतूद, आहे: आयुक्तांना आवश्यक वाटले तर ते इतर कोणत्याही अपघाताची चौकशी करू शकतात. मुंब्र्यासारखे काही घडले तर त्याच दिवशी आयुक्तांना हे परंतुक लिहून विनंती करा. नाही म्हणाले तर ते लेखी येऊ दे. मुद्दा क्रमांक ५ साठी याहून चांगला पुरावा नाही.

आयुक्तांची चौकशी लागली तर वर्तमानपत्रात सूचना येते: ज्यांना माहिती आहे त्यांनी अमुक ठिकाणी यावे. जा. कलम ११७ नुसार तिथे दिलेली साक्ष तुमच्याविरुद्ध दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात वापरता येत नाही, खोटी साक्ष दिली तरच कारवाई. गार्ड, मोटरमन, गँगमन यांनाही हे लागू आहे आणि अनेकांना ते माहीत नसते. मोबाइलमधला व्हिडिओ गटावर पुढे ढकलत बसू नका. मूळ फाइल जपून ठेवा, वेळ आणि डब्याचा क्रमांक लिहून ठेवा.

भरपाईचा विषय यात मिसळू नका. गाडीतून पडून मृत्यू झाला तर कलम १२४-अ खाली रेल्वे दावा न्यायाधिकरणात वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही आणि मृत्यूसाठी रक्कम ८ लाख आहे. घरच्यांना हे सांगा, वकील गाठून द्या. नियामकाच्या निवेदनावर त्यांची सही त्या आठवड्यात मागायला जाऊ नका.

विधेयक आलेच तर

२०१४ पासून केंद्राचे धोरण आहे, की विधेयकाचा मसुदा ३० दिवस हरकतींसाठी खुला ठेवावा. ते नेहमी पाळले जाते असे नाही, म्हणून लक्ष ठेवायला गटातला एक माणूस नेमा. मसुदा हाती आला की प्रस्तावना सोडा, शेवटाकडे जा. आपल्याकडच्या बहुतेक नियामकांच्या कायद्यांत तिथे एक कलम असते: धोरणाच्या बाबतीत केंद्र सरकारचे निर्देश नियामकावर बंधनकारक राहतील, आणि एखादी बाब धोरणाची आहे की नाही याबाबत केंद्र सरकारचा निर्णय अंतिम असेल. सेबीच्या कायद्यात आहे, दूरसंचार नियामकाच्याही आहे. शेअर आणि सिमकार्डांच्या बाबतीत ते एक वेळ चालेल. रेल्वेत सरकार स्वतःच गाडी चालवते. तेव्हा पहिली हरकत त्या कलमावर: 'संरक्षेच्या बाबी वगळून' हे तीन शब्द त्यात घाला. आपल्या सहा मागण्या त्यानंतर.